बोरिवलीचे निळे बेडूक

पैज लावतो, या मांडवात कोणाचाच विश्वास बसणार नाही. आमच्या बोरिवलीच्या कॉलेजमागच्या गटारात तीन दिवस निळे बेडूक उड्या मारत होते. मी, तुमचा अर्बन अंकल, अडतीस वर्षं तिथली केमिस्ट्रीची लॅब सांभाळली. बेडकांची नावंसुद्धा सांगेन.

त्याला कारण हे आजचे नवरा-नवरी. दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला ग्लेनरॉयची खाडीपलीकडून, गोराईहून येणारी बोट चुकली. धावत आला आणि नेमका सुलक्षणाच्या शेजारी उभा राहिला. ओळख ना पाळख. दोघांनी तांब्याच्या क्षारात अमोनिया ओतला. फिका रंग गर्द निळा होत गेला... तिने मान वर केली तर हा तिच्याकडेच बघतोय.

"स्वतःच्या बीकरकडे बघ ना," ती फणकारली.

"तुझ्या ओढणीचाच रंग आहे. कुठेही बघितलं तरी तेच."

ती भडकलीच. पण फनेल धरून तिचे हात अडकलेले. त्यात गाळून घेतलेले निळे स्फटिक धुवायला तिने त्यालाच सांगितलं. ते अल्कोहोलनेच धुवायचे, पाण्यात विरघळतात. त्याने बाटली दाबून धार सोडली. माझ्याच हाताने टपोऱ्या अक्षरांत 'अल्कोहोल' लिहिलेली बाटली, हं! — आणि तिचे सगळे स्फटिक निळं पाणी होऊन खाली गेले. तिने ते रागाने सिंकमध्ये ओतून दिलं. सिंकमधून गटारात, गटारातून बेडकांवर.

"माझं वर्ष गेलं," ती म्हणाली.

त्याने आपले स्फटिक तिच्यापुढे सरकवले.

"मला भीक नको."

"साध्या रासायनिक बंधात दोघं एकेक इलेक्ट्रॉन घालतात," तो हळूच म्हणाला. "इथे अमोनिया दोन्ही देतो... परत मागत नाही."

"आणि तांबं काय करतं?"

"जागा देतं."

ती पास झाली. हा सहा महिन्यांनी पुन्हा बसला. तोवर ती रोज त्याला शिकवायला यायची आणि रोज त्याच शिवीने सुरुवात करायची — चुकीची बाटली उचलणारा आंधळा. तोही मान खाली घालून म्हणायचा, हो, चुकीचीच उचलली...

नवरीने केकची सुरी खाली ठेवली. नवरा माझ्याकडे बघून 'नको, नको' अशी हळूच मान हलवत होता, पण उशीर झाला होता.

"बेडूक राहू दे, अंकल," सुलक्षणा म्हणाली. "बाटली बरोबरच होती. तिच्यात पाणी तुम्ही भरलंत — आणि दोन वर्षं शिव्या मी ह्याला घातल्या."