आरशावरचे ओरखडे

फोन आला तेव्हा आत्या चौकीत एका सायकलचोराचा जबाब घेत होती. पलीकडून भाची बोलत होती, पण आवाज काही तिचा वाटेना.

"आत्या, माझ्या आरशाची कुणीतरी वाट लावली."

"फोडला?"

"फोडला असता तरी परवडलं असतं. तू लगेच ये."

सायकलचोराला बाकावर बसवून आत्या निघाली. पोरगी उगाच फोन करणारी नव्हती.

आरसा म्हणजे तोंड बघायचा नव्हे. सोळा वर्षांच्या या मुलीला घरीदारी सगळे खटपटी म्हणायचे, ते काही उगाच नाही. बरोबरीच्या मुली जिन्यात गप्पा छाटत बसायच्या, तेव्हा ही बाई पाण्याच्या पिंपावर काचेची जाडजूड चकती ठेवून, तिच्यावर दुसरी चकती घासत पिंपाभोवती फिरत असायची. मध्ये ओली घासपूड. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. असं महिनोन्‌महिने घासलं की काचेला हवा तसा खोलगटपणा येतो आणि दुर्बिणीचा आरसा तयार होतो. "अगं, भोक पडेल आता काचेला!" म्हणून शेजारीण चिडवायची. खटपटी हसायचीसुद्धा नाही. तिला घाई होती.

घाई बापासाठी होती. बाप चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर. त्याचे डोळे आतून सुकत चालले होते. नजर हळूहळू आक्रसत जाईल, वर्षभर पुरली तर नशीब, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कारखाना सुटला. आई तर लहानपणीच गेलेली. आयुष्यभर दुसऱ्यांना दिसावं म्हणून काचा घासलेल्या या माणसानं शनीचं कडं कधी पाहिलं नव्हतं. ते त्याला दाखवायचं, डोळे जायच्या आत दाखवायचं, एवढंच त्या पोरीनं मनात धरलं होतं. शिवाय महिनाअखेर तिला लांबच्या तंत्रशाळेत जायचं होतं, वसतिगृहात. त्याआधी आरसा व्हायलाच हवा होता.

आत्या घरात शिरली. वरच्या मजल्यावर फरशी कापायचं यंत्र किंचाळत होतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

टेबलावर, दिव्याखाली आरसा होता. मधोमध पाच-सहा ओरखडे, सगळे सारख्याच वळणाचे. आत्यानं हात पुढे केला.

"हात नको लावूस!" खटपटी ओरडली. "बोटाचा ठसासुद्धा नको. बाबांची पहिली शिकवण. काच कडेनं धरायची आणि उजेडात तिरकी करून बघायची."

"बरं बाई. खिळ्यानं ओढलेत का हे?"

"नाही. माझ्याच हातानं पडले. दुपारी शाळेचे कागद आणायला गेले होते. आल्यावर रोजच्यासारखं पॉलिश करायला बसले. दोन हात फिरवले नाहीत तोच कर्र वाजलं. पॉलिशच्या पुडीत जाड घासपूड होती. चिमूटभर पुरते."

"चुकून पडली असेल."

"छे! जाड पुडीचे डबे बाहेर गॅलरीत असतात. त्यांना हात लावला तर मी आंघोळ करून, कपडे बदलून आत येते. कुणीतरी मुद्दाम आणून टाकली."

"आता पुन्हा नीट होईल?"

"मागे जाऊन सगळं परत घासायचं. महिने जातील. मी तर चालले." तिनं टेबलावरचे शाळेचे कागद बाजूला सारले. "आणि बाबांकडे महिने नाहीत."

"चिमूटभर पुरते, हे कुणाकुणाला ठाऊक?"

"मला, बाबांना आणि फ्यूजला."

फ्यूज म्हणजे समोरच्या इमारतीतला तिचा मित्र. घरी रेडिओ बनवताना त्यानं अख्ख्या इमारतीची वीज घालवली, तेव्हापासून हे नाव चिकटलं.

"बाबा म्हणतात, दुपारी कुणीच आलं नाही," खटपटी म्हणाली. "मग फ्यूजनं तारा जोडायला नेलेलं माझं सोल्डरिंगचं यंत्र टेबलावर कसं आलं? गुपचूप येऊन गेला ना! मी जाणार म्हणून तो फुगलेलाच होता. मी गेले त्याच्या घरी आणि सगळ्यांसमोर काय ते सुनावलं."

आत्या जिना उतरली. ती समोरच्या इमारतीत गेली.

फ्यूज जिन्यातच बसला होता. डोळे सुजलेले.

"तू दुपारी गेला होतास?"

"हो. दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसले होते, दाराकडे तोंड करून. वरती यंत्र चालू होतं, म्हणून मी नुसता हात हलवला, आत जाऊन वस्तू ठेवली आणि परत निघालो."

"काका काय म्हणाले?"

"काहीच नाही. माझ्याकडे सरळ बघत होते, पण मान हलवली नाही की हसले नाहीत. मला वाटलं, रागावलेत."

"पुडीला हात लावलास?"

"आत्या, ती डब्यांची झाकणं मीच रंगवून दिलीत! लाल जाड, निळं मधलं, हिरवं पॉलिशचं. घोटाळा होऊ नये म्हणून. मी कशाला तिचा आरसा..." त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "माझ्या बाबांनी माझं सगळं सामान भंगारवाल्याला दिलं. रेडिओ, मीटर, सगळं. म्हणाले, या नादापायीच चोरटेपणा शिकलास. गाडी गेलीसुद्धा."

त्या पोराचं दुसरं होतंच काय!

ती परत आली. खटपटी पिंप धूत होती. गॅलरीत खोक्यात दोन डबे शेजारीशेजारी होते. आत्यानं झाकणं उघडली. निळ्या झाकणाखाली साखरेसारखी भरड पूड निघाली आणि लाल झाकणाखाली पिठासारखी. आत्या बराच वेळ त्या झाकणांकडे बघत राहिली.

भाऊ स्वयंपाकघरात होता. त्यानं तिला चहा दिला. बोटाला पट्टी होती.

"हे काय रे दादा?"

"चहा सांडला. लक्ष नव्हतं. तू त्या पोराच्या मागे लागू नकोस गं. त्यानं काही केलेलं नाही."

"कशावरून?"

"चांगला मुलगा आहे."

आत्यानं आरसा आणून त्याच्या हातात दिला. "तूच बघ. तुझा धंदा होता."

त्यानं काच तळहातावर घेतली आणि मधोमध अंगठा फिरवला. "खोल आहेत," तो म्हणाला.

आत्याचा चहा तसाच राहिला. आता बोलावं की गप्प बसावं? गप्प बसलं तर एका घरापुरतं सगळं झाकलं जात होतं. पण समोरच्या जिन्यात एक पोरगं चोर ठरून बसलं होतं.

तिनं फ्यूजला बोलावून आणलं आणि तिघांना टेबलापाशी बसवलं.

"फ्यूजनं हे केलेलं नाही," ती म्हणाली. "गॅलरीतल्या डब्यांची झाकणं उलटसुलट झालीत. ज्यानं पूड काढली त्यानं दोन्ही डबे उघडले, चिमटीत पूड चोळून जाड कुठली ते ओळखलं आणि झाकणं लावताना अदलाबदल केली. ज्यानं ती रंगवली, तो असं करेल? खटपटी करेल? लाल आणि निळं दिसणारा कुणीही करेल?"

वरचं यंत्र बंद पडलं होतं.

"फ्यूज दारातून समोर आला आणि खुर्चीतल्या माणसाला तो दिसला नाही. यंत्राच्या आवाजात पावलंही ऐकू गेली नाहीत. तो माणूस खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी खरंच कुणी आलं नव्हतं." आत्या भावाकडे वळली. "दादा, मघाशी तू आरसा उजेडाकडे धरला नाहीस. त्यावर अंगठा फिरवलास. लहानपणी तुझ्या एका काचेला मी बोट लावलं, तर हातावर सपकन मारलं होतंस मला. तुला दिसत असतं, तर तू मेलास तरी काचेला अंगठा लावला नसतास."

खटपटी बापाकडे बघत होती.

"बाबा?"

"मीच टाकली," तो म्हणाला.

"अजिबात दिसत नाही?"

"उजेड-अंधार कळतो. बाकी नाही."

"कधीपासून?"

"तुझी जाड घासणी चालू होती, तेव्हापासून."

"मी रोज आणून दाखवायचे ना! तुम्ही म्हणायचात, मस्त झालंय!"

"मस्तच होत होतं. मी आवाज ऐकायचो. काच काचेला नीट लागली की आवाज मऊ होतो. तुझा फार छान लागायचा."

"नुसतं म्हणायचं होतंस, कडं दिसलं म्हणून," आत्या म्हणाली. "त्यासाठी आरसा कशाला घालवलास?"

"हिच्यापुढे?" तो क्षीण हसला. "ही विचारणार, कडं कुठल्या बाजूला झुकलंय? मधली काळी रेघ दिसते का? धूसर आहे की धारदार? दोन प्रश्नांत पकडलं असतं मला. मग शाळा कसली आणि काय! महिनाअखेरपर्यंत काढायचं होतं फक्त. ही एकदा तिकडे रुळली की हळूहळू सांगणार होतो." तो फ्यूजच्या दिशेनं वळला, थोडा चुकीच्या बाजूला. "बाळा, तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं रे. आळ आला तेव्हाच मी बोलायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही."

फ्यूज खाली मान घालून म्हणाला, "काका, माझं सामान गेलं."

खटपटीनं त्याच्याकडे पाहिलं, पण तिला माफी मागता येईना.

मग तिनं बापाला विचारलं, "शेवटचं नीट काय दिसलं होतं तुम्हाला?"

तो आठवत राहिला. "नाही गं सांगता येत. त्या दिवशी कुठे ठाऊक होतं, हे शेवटचं म्हणून? नाहीतर नीट बघून ठेवलं असतं. तुला बघून ठेवलं असतं."

खटपटी उठली. तिनं शाळेचे कागद उचलले आणि आत्याच्या हातात दिले.

"मी जाणार नाही," ती म्हणाली.

"असं नको म्हणूस!" बाप एकदम ओरडला. खुर्ची मागे पडली. तो हातांनी टेबल चाचपत पुढे आला. "एवढं एक वाक्य कानावर पडू नये म्हणून मी तुझा आरसा घालवला गं. त्या पोराचं वाटोळं होऊ दिलं. आणि तू तेच बोललीस."

खटपटीनं खुर्ची उभी केली आणि त्याला धरून बसवलं. त्याच्या पायाशी बसून ती रडत राहिली, आणि तो तिच्या चेहऱ्यावरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिला.