हरण्या, माणक्या आणि नॅट

"आबा, ह्ये तुमचंच नॅट हाय! आन् नाव बघा कुणाचं लावलंय!"

शिवकन्याचा आवाज परभणीच्या त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये असा घुमला की माणसं वळून बघायला लागली. बघू देत! काचेच्या पेटीत हातभर लांबीचं लाकडी लढाऊ विमान उभं होतं. पासष्टच्या लढाईत गाजलेल्या चिमुकल्या जेटची, नॅटची प्रतिकृती. शेजारच्या पेटीत हंटर, त्याच्या पलीकडे मिग. आणि तिन्ही पेट्यांवर एकच छापील पाटी: 'कलाकार : व्यंकटराव'.

रामहरीआबांनी पाटी वाचली. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. मग "पॉलिश मातर अजून टिकून हाय," एवढंच म्हणाले आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. याच दिवसासाठी त्यांनी सकाळी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि गाडीच्या तासभर आधी चुडाव्याच्या स्टेशनावर येऊन उभे राहिले होते.

शिवकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबा तिचे सख्खे आजोबा नव्हेत, शेजारचे; पण तिची अर्धी सुट्टी त्यांच्याच अंगणात, लाकडाच्या भुशात लोळण्यात जायची. आबा वीस वर्षं हवाई दलात सुतार होते. गावी परतल्यावर त्यांनी पेरणीच्या तिफणी केल्या. पुढे ट्रॅक्टर आले आणि तिफण कुणी मागेना. तेव्हा त्यांनी ज्या विमानांवरून कधीकाळी हात फिरवला होता, ती आठवून आठवून सागवानात कोरायला घेतली. एकट्या नॅटला आठ महिने लागले होते. आता त्यांचे हात थरथरतात. म्हणजे ही तीन विमानं शेवटची. ती उन्हाळ्यात तालुक्याचे पुढारी व्यंकटराव जीपमध्ये घालून घेऊन गेले होते. "परदर्शनात मांडतो, तुमचं लय नाव होईल," असं गोड बोलून!

"नाव झालं की! त्यांचंच झालं!" निकिता फणकारली. ही शिवकन्याची मावसबहीण, परभणीचीच.

"चला, मोठ्या माणसांना सांगू," शिवकन्याचा धाकटा भाऊ आदिनाथ म्हणाला. बिचाऱ्याचा मोठ्या माणसांवर अजून विश्वास होता.

मोठ्या माणसांच्या टेबलाशी संयोजक मंजुषाबाई चहा पीत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

"ज्यांनी वस्तू आणून दिल्या, त्यांचं नाव आम्ही घातलं. आता पाट्या छापून झाल्यात गं."

"मग खोडा!"

"छापलेलं कसं खोडणार? आणि हे बघा, चार वाजता पाहुण्या येतायत. हवाई दलातून निवृत्त झालेल्या राजेश्री मॅडम. त्या निवडतील ते विमान नव्या वाचनालयात कायमचं राहणार, खाली पितळी पाटी लावून. तेव्हा गोंधळ नकोय!"

छापलं म्हणजे खरं! आणि उद्या तेच पितळेत कोरलं की मग विचारायलाच नको. कुणी एका माणसानेही विचारलं नव्हतं, की अहो व्यंकटराव, तुम्ही कधी हातात सुताराची पटाशी तरी धरली होती का?

तिघं पुन्हा पेटीपाशी आली. आदिनाथ उकिडवा बसून खालून बघत होता. एकदम तो ओरडला, "ताई! नॅटच्या पोटाला चिकटपट्टी लावलीय!"

शिवकन्या झटकन खाली वाकली. खरंच की! आबांच्या विमानाला चिकटपट्टी! तिला रडूच आलं असतं, पण रडण्याआधी तिच्या डोक्यात एक गोष्ट चमकली आणि ती हसायलाच लागली.

"हसायलीस काय?" निकिता गोंधळली.

"अगं, थंडी पडली, लाकूड सुकलं, पाचर ढिली झाली! आबा विमान तिफणीसारखंच जोडतेत. दोन्ही पंखांची टोकं पोटातल्या खाचेत, आन् खालून एकच पाचर. ढिली झाली तर चार टोले द्यायचे, बास! आमच्याकडं शेंबडं पोरगंबी सांगंल. ह्यानं चिकटपट्टी लावली, म्हंजी ह्याला पाचर हाय ह्येच ठाऊक न्हाई!"

"मग जाऊन सांगू या!"

"छापून आल्याशिवाय ऐकायची न्हाईत ती. त्यालाच बोलू दे. माईकवर."

बरोबर चार वाजता राजेश्री मॅडम आल्या, मागोमाग व्यंकटरावही. पांढरे केस, ताठ चाल. नॅटपाशी येताच त्या थबकल्या. "नाकाचा उतार अगदी तंतोतंत! कुणी केलंय हे?"

"मीच!" व्यंकटराव हार घालून घ्यायला वाकावं तसे पुढे वाकले.

निकिता वही-पेन घेऊन पुढे सरकली. चेहरा असा, की जशी ही वर्गातली सगळ्यात गरीब मुलगी! "काका, शाळेच्या भित्तिपत्रकासाठी विचारते. पंख कसे जोडले हो?"

व्यंकटरावांनी माईक हातात घेतला. त्यांना एवढंच हवं होतं.

"जोडले? बेटा, एकाच अखंड लाकडातून कोरलंय मी हे! यात कुठंही जोड नाही!"

टाळ्या पडल्या. मंजुषाबाईंनी तर सगळ्यांत आधी वाजवल्या.

"नक्की काका? लिहून घेऊ?" निकिताने विचारलं.

"ठळक अक्षरात लिही!"

"मॅडम," शिवकन्या पुढे झाली. "ह्ये विमान चुडाव्याच्या रामहरीआबांनी केलंय. पंख निघतेत त्याचे. डाव्या पंखाच्या आतल्या टोकावर 'हरण्या' कोरलंय आन् उजव्याच्या टोकावर 'माणक्या'. आबांची बैलजोडी होती ती. बैल जसा आपली बाजू सोडत न्हाई, तशी पंखांनीबी सोडू न्हाई म्हणून. मी काढून दाखवू का?"

"खबरदार हात लावलास तर! मोडंल!" व्यंकटराव ओरडले. "कोण कुठली पोरं ही? बाहेर काढा!"

"थांबा," राजेश्री मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतः पेटी उघडली आणि नॅट शिवकन्याच्या हातात दिलं. "दाखव, बाळ."

तिने चिकटपट्टी सोलली. पोटावर अंगठा ठेवून ती इवलीशी पाचर हळूच ओढली आणि आदिनाथच्या हातात दिली. पंख हलकेच बाहेर आले. एक डावा, एक उजवा. मॅडमनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"हरण्या." मग दुसरा. "माणक्या."

व्यंकटराव एक पाऊल मागे सरकले. "तसं न्हाई मॅडम... पाटी छापणारानं चूक... मी फक्त आणून..."

"अखंड लाकूड," निकिताने वहीत बघून वाचलं. "कुठंही जोड नाही. ठळक अक्षरात."

हॉलमध्ये जो हशा पिकला, त्यात व्यंकटराव मागच्या दाराने कधी गेले ते कळलंही नाही. मंजुषाबाईंचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. "मी विचारायला हवं होतं," त्या पुटपुटल्या. आधी सुचलं असतं तर बाई!

"रामहरीआबा कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"बाहेर पायऱ्यांवर," शिवकन्या म्हणाली. "मघाधरनं तिथंच बसलेत."

मॅडम स्वतः पायऱ्यांपर्यंत गेल्या. आबा त्यांना बघून धडपडत उठले, तोच मॅडमनी त्यांना कडक सलाम ठोकला. वीस वर्षं आबांनीच साहेबांना सलाम केले होते. हात वर करायचंही त्यांना सुधरेना.

"आबा, ही मुलं नसती तर आम्ही सगळ्यांनी मिळून तुमचं नाव पुसलं असतं," मॅडम म्हणाल्या. मग तिघांकडे वळल्या. "शाबास! अशा नजरेची माणसं आम्हाला हवाई दलात लागायची!"

आबा आत आले. सुटे पंख बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पाचर कुठं हाय?"

आदिनाथने घामेजलेली मूठ उघडली.

आबांनी पाचर घेतली. पंख खाचेत सरकवताना त्यांचे हात थरथरले. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी पाचर शिवकन्यापुढे धरली. "घे. तूच काढली, तूच बसव. अंगठ्यानं दाब, मग टोला दे. आता ह्ये काम तुलाच करावं लागंल."

तिने दाबली, निकिताच्या पेनाच्या मागच्या टोकाने टोले दिले. हरण्या-माणक्या आपापल्या बाजूला घट्ट बसले. तोवर मंजुषाबाईंनी छापील पाटी काढून कोरा कागद आणला होता आणि या वेळी लिहिण्याआधी त्यांनी आबांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.