तीनशे बारावा ठिपका

"सतराव्या ठिपक्याला जंगल म्हणणाऱ्या त्या थोर बाई तुम्हीच का?"

जिन्यात समोरून आलेल्या त्या उंच माणसाला मी आधी कधी पाहिलंही नव्हतं. नकाशा विभागात रुजू होऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते.

"आणि त्याला लागवड म्हणणारे अतिशहाणे तुम्ही?"

"झाडं रांगेत उभी आहेत, बाई. जंगलात कवायत नसते."

तो हसला आणि त्याच्या कपातला अर्धा चहा माझ्या बाहीवर सांडला. मला राग आला, पण हवा तितका नाही.

देशभरातली जमीन तीस वर्षांपूर्वी माणसांना काय देत होती आणि आता काय देते, हे आम्ही नकाशावर उतरवत होतो. कुठली जमीन पुराचं पाणी मुरवते, कुठल्या डोंगराने झरे जिवंत ठेवलेत, कुठल्या रानातून मधमाश्या गेल्या. उपग्रहाच्या चित्रातला प्रत्येक ठिपका दोघांनी वेगवेगळा ओळखायचा. एकमत झालं की ठिपका बंद. मतभेद झाला, तर दोघांनी जीपने जाऊन डोळ्यांनी पाहायचं.

सतराव्या ठिपक्यावर मी सपशेल हरले. झाडं खरंच रांगेत होती, खाली गवताची काडी नव्हती. "इथून ओढा वाहायचा," कोरडे गोटे दाखवत तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की हरल्याचं काही वाटलंच नाही.

त्यानंतर आमचे मतभेद फारच वाढले. एकदा तर त्याने चक्क तळ्याला 'इमारती' लिहिलं.

"डोळे तपासून घ्या!"

"तपासायला तुम्ही याल ना बरोबर... जीपने?"

गेले. भुरभुर पाऊस होता, बांध निसरडा होता. त्याने हात पुढे केला आणि चिखल ओलांडल्यावर सोडायला विसरला. मीही आठवण करून दिली नाही. मग मीसुद्धा बेधडक शेताला कुरण लिहू लागले. अशा अकरा खोट्या भांडणांवर आम्ही दोघांनी गंभीर चेहऱ्याने सह्या केल्या.

आणि मग तीनशे बारा आला. चित्रांवर गावाचं नाव नसायचं, नुसता क्रमांक. चित्र उन्हाळ्यातलं, सगळं तपकिरी. एका कडेला काळसर पट्टा दिसला, म्हणून मी 'पाणथळ' लिहिलं. त्याने 'पडीक' लिहिलं होतं. त्या आठवड्यात तो जरा गप्पच होता. मला वाटलं, या वेळी तो खरंच सांगतोय... आणि माझं प्रेम असं बावळट, की त्याच्या शब्दाखातर मी माझं उत्तर खोडलं. दोघांचंही 'पडीक'. ठिपका बंद.

त्यानंतर तो माझ्याशी नीट बोलेना. मीही फुगून बसले.

महिन्याभराने ताईचा फोन आला. "अगं, आमच्या मागच्या दलदलीत झेंडे रोवलेत. भराव घालून गोदामं बांधणार म्हणे. तुमच्या नकाशात ती पडीक आहे!" दर पावसाळ्यात नदीचं पाणी त्या दलदलीत पसरतं, म्हणून ताईची वस्ती कोरडी राहते. मी घाईघाईने क्रमांक काढून पाहिला. तीनशे बारा.

मी तडक त्याच्या टेबलापाशी गेले. "तू पडीक का लिहिलंस?"

त्याचा चेहरा उतरला. "ती दलदल आहे, हे मला माहीत होतं. मी आधीच जाऊन पाहून आलो होतो, तिथे बगळे उतरतात. तुला तिथे नेऊन... विचारायचं होतं. तू उत्तर बदललंस. मला वाटलं, तुला यायचंच नाही. तुझा नकार समजलो मी."

मला हसावं की रडावं कळेना. मी कोरा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. बंद झालेला ठिपका उघडायला दोघांच्याही सह्या लागतात आणि शुक्रवारी पडीक जमिनींची यादी शेवटच्या मंजुरीसाठी समितीकडे जाणार होती.

"कारण काय लिहायचं?" त्याने विचारलं.

"जे घडलं ते."

"मग ते अकराही बाहेर येतील. दोघांच्या नोकऱ्या जातील. साहेबांचा सगळा नकाशाच खोटा ठरेल."

"ताईच्या घरात पाणी शिरेल."

"दरवर्षी थोडाच पूर येतो..." त्याने माझा हात धरला. "लग्न कर माझ्याशी. आता विचारतोय ना!"

किती दिवस मी या वाक्याची वाट पाहिली होती! "सही कर," मी म्हणाले, "या क्षणी हो म्हणते."

तो पेनाशी चाळा करत राहिला. मग त्याने टोपण लावलं. "समजून घे गं..."

मी एकटीने सही केली. कारकुनाने अर्ज तसाच परत दिला. दुसरी सही नाही. मी साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी त्याला बोलावून विचारलं. खाली बघत तो म्हणाला, "माझं उत्तर पडीकच आहे, साहेब. आणि ते अकरा मतभेदही माझ्याकडून खरेच होते." माझी नोकरी त्याच दिवशी गेली. त्याची राहिली. तो मला अजूनही आवडतो, याची मला भयंकर चीड येते.

पावसाळ्याच्या तोंडावर मी ताईकडे गेले. मागे ट्रकमागून ट्रक माती ओतत होते. लव्हाळी दिसेनाशी झाली होती.

"कुठल्या मेल्याने लिहिलं असेल गं हे पडीक?" ताईने विचारलं.

"मी लिहिलं, ताई."

ती घरात गेली, स्टुलावर चढली आणि धान्याचे डबे वरच्या फळीवर ठेवू लागली. मी खालून एकेक डबा तिच्या हातात देत राहिले.