कानातला ओळंबा

चाकणच्या सीट-कारखान्याच्या चाचणीशाळेत गाडीसारखा हलणारा डोलमंच अख्खा आंबोली घाट चढून थांबला, म्हणजे जागच्या जागी हेलकावे खाऊन थांबला, आणि आपणच बनवलेल्या सीटवरून इंजिनियर मृणाल केळुसकर रिकामा पेला मिरवत खाली उतरली. पेल्यातलं ताक तिनं ऐन घाटात संपवलं होतं.

"बघितलंत मॅडम? पोटात साधं गुरगुरलंसुद्धा नाही!"

डॉ. रुखसाना इनामदार कानाच्या डॉक्टर, मृणालनं सल्ल्याला बोलावलेल्या. सीटच्या कारखान्यात कानाच्या डॉक्टरचं काय काम, असं गेटवरच्या वॉचमननंही त्यांना विचारलं होतं. "मला नीट समजावून दे," त्या म्हणाल्या. "कान माझा, सीटची कळ तुझी."

"आधी तुम्ही सांगा, गाडी लागते म्हणजे नेमकं काय होतं?"

"कानात एक ओळंबा असतो असं समज, गवंड्याकडे असतो तसा. खाली कुठे नि वर कुठे, ते तो मेंदूला सांगतो. गाडी वळली की ओळंबा हलतो, कान ओरडतो, अरे कलंडलो! डोळा म्हणतो, छे, समोरची सीट तर जागच्या जागी आहे. दोघांची जुंपली की मेंदूला वाटतं, पोटात विष गेलं. मग तो पोट रिकामं करायला लावतो."

"ते भांडणच मी होऊ देत नाही. साध्या सीटची पाठ दात्यांवर अडकते, खटका दाबला की एकेक दाता मागे. माझ्या पाठकळेला, म्हणजे पाठ कलवणाऱ्या या कळेला, दातेच नाहीत. एकात एक फिरणाऱ्या दोन कड्या, हव्या त्या कोनात थांबतात. डावीकडे एक कळ, उजवीकडे एक, दोघी स्वतंत्र. गाडी वळते त्याच क्षणी पाठ तेवढीच कलते, डोकं तिच्याबरोबर जातं आणि ओळंबा सरळच राहतो. कानाला वळण कळतच नाही."

"म्हणजे कानाचं काम सीट करते."

"हो ना! कानाला सुट्टी," मृणाल खुशीत म्हणाली. डॉक्टरही हसल्या.

मृणालच्या या खुशीमागे कंपनी नव्हती, आई होती. वडील गेल्यापासून शालनबाई सावंतवाडीजवळच्या गावात एकट्या राहत होत्या. एकुलती एक लेक चाकणला, आणि मध्ये आंबोली घाट. पहिल्या वळणालाच गाडी लागून शालनबाईंचे डोळे पांढरे व्हायचे. लेकीचं घर त्यांनी फक्त फोनवर पाहिलं होतं. त्या आजारी पडल्या तर शेजारी कळवणार, मग मृणाल रात्रभर गाडी हाकत जाणार, ही धास्ती दोघींच्या उरावर. आईला कायमचं इकडे आणायचं, एवढ्यासाठी मृणालनं दोन वर्षं दिवसाचे सहा-सात तास स्वतःच त्या सीटवर बसून काढले होते. दुसऱ्या कुणाला बसवायला तिचं मन धजेना.

आणि खरंच, शालनबाई आल्या! मृणालनं गाडीत तशा दोन सीट बसवल्या आणि ड्रायव्हर घेऊन आईला आणायला गेली. आंबोलीच्या वळणांवर म्हातारीनं शेंगदाण्याची पुडी सोडली.

"गो मृणाल, गाडी चलता काय उभीच आसा?"

कोल्हापुरात त्यांनी मिसळ हाणली, वर कट मागून घेतला. मृणालला हसू आणि रडू एकदमच फुटलं. चाकणला बिल्डिंगखाली गाडी थांबली, शालनबाई टुणकन उतरल्या. मृणालनं पाय खाली ठेवला, आणि जमीन होडीसारखी डोलली. तिनं दार धरलं. दार सोडलं तशी ती पार्किंगमध्ये सपशेल आडवी झाली.

गेले काही महिने घरी आल्यावर फरशी जराशी हलल्यासारखी वाटायची. झोप कमी पडते, असं म्हणून तिनं ते अंगावर काढलं होतं. आता मात्र उभं राहणंच सुटलं. गादीवर पडलं की बरं, गाडीतल्या सीटवर तर ठणठणीत. उठून दोन पावलं टाकली की भिंत अंगावर येई. आईला ज्या घरात आणायचं म्हणून एवढा खटाटोप केला, त्या घरात आईच तिला धरून मोरीपर्यंत नेऊ लागली.

डॉक्टर घरी आल्या. कान तपासून झाल्यावर तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसल्या.

"कान शाबूत आहेत. पण तुझा मेंदू त्यांना विचारतच नाही. दोन वर्षं तोल सीटनं सांभाळला, मग मेंदूनं कानाचं ऐकणं सोडलं, पाठीचं ऐकायला लागला. पाठीला टेकू नसला की त्याला खाली-वर कळत नाही. चूक माझीही आहे, मृणाल. तू सुट्टी म्हणालीस, आणि मी हसले."

मृणालच्या तोंडचं पाणी पळालं, ते स्वतःपेक्षा दुसऱ्याच विचारानं. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरसीटला हीच कळ बसणार होती, दिवसाचे बारा-बारा तास. तिनं पडल्या पडल्या कंपनीत फोन लावला. "एका प्रवासापुरतं ठीक आहे. ड्रायव्हरला नको. माझ्याकडे बघायला या, मग बोला." ट्रकच्या सीटचं काम थांबलं.

"यावर औषध?" तिनं विचारलं.

"एकच. साधी सीट आणि खरा घाट. रोज धक्के बसू देत, मेंदूला कानाचं ऐकावंच लागेल असे. मेंदूचं कानाकडे दुर्लक्ष आहे तोवर डोळ्याशी भांडणार कोण? तोवर तुला गाडी लागणारच नाही. ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी कान कामावर रुजू झाला म्हणायचं. एकटीनं मात्र जायचं नाही, पडशील."

शालनबाई दारात उभ्या होत्या. "म्हणजे माका जन्मभर गाडी लागली, आणि हिका जमीन लागली?"

"तसंच म्हणा."

"मग मी जातंय तिच्यावांगडा."

"आये, तुका झेपाचा नाय!" मृणाल कळवळली. "साधी एसटी ती. ती सीट नाय थंय."

"आसांदे. ओकाक भियालंय तर आवस कसली मी?"

दोघी गावी परतल्या. सकाळी सावंतवाडीहून आंबोली, दुपारी खाली. मृणालचा एक हात पुढच्या दांडीवर, दुसरा आईच्या खांद्यावर. शालनबाईंचं तोंड खिडकीबाहेर नाहीतर पिशवीत. कधी लिंबू हुंगायच्या, कधी देवाला शिव्या घालायच्या, पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून स्टँडवर पुन्हा हजर. मृणालला काहीच व्हायचं नाही. आईची पाठ चोळताना तिला स्वतःच्या धडधाकट पोटाची अशी काही शरम वाटायची, की जीव नकोसा होई. "आये, पुरे झाला," ती रोज म्हणायची. आई मानेनंच नाही म्हणायची, कारण तोंड उघडायची सोय नसे.

कंडक्टरला वाटायचं, या मायलेकींना वेड लागलंय. पुढची सीट तो त्यांच्यासाठी राखून ठेवायचा, आणि दुसऱ्या कुणाला तिथं बसू द्यायचा नाही.

पावसाळा सरला. एका दुपारी उतरणीला समोरून ट्रक आला, एसटीनं कचकन ब्रेक मारला आणि वळण घेतलं. मृणालच्या कपाळावर घाम आला. तोंडाला पाणी सुटलं. पोटातून काहीतरी वर सरकलं. तिला क्षणभर कळेना हे काय होतंय, आणि कळलं तेव्हा बोलायला वेळ नव्हता. तिनं आईच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली.

पांढऱ्याफटक पडलेल्या शालनबाई बघतच राहिल्या. मग दांडी धरून उभ्या राहिल्या, भर एसटीत, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अरे, माझ्या चेडवाक गाडी लागली! गाडी लागली रे!"