थकव्याचा भाव

किल्ल्याला वेढा पडला की मृणाल कोष्टीच्या घरची चूल नीट पेटायची. वेढा कोणी घातला, गड कोणी जिंकला, याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. त्या राज्यात तिने आजवर साधी काठीसुद्धा उचलली नव्हती. ती तटाखालच्या पेठेत बसून तागाचे तिपेडी दोर वळायची आणि तट चढायला निघालेले वीर ते विकत घ्यायचे.

वीर म्हणजे कुठले कुठले पैसेवाले लोक, आपापल्या घरी डोक्याला तारांचं टोपडं घालून आरामखुर्चीत पडलेले. 'दुर्गराज्य' नावाच्या या खेळाचं वेड सगळ्या जगाला लागलं होतं. लढायची हौस प्रत्येकाला. पण लढणाऱ्याला भाकरी लागते, घोड्याला नाल लागते, नदी ओलांडायला नावाडी लागतो. ही बिनलढाईची कामं करणारी माणसं इचलकरंजीच्या एका शेडमध्ये, तसंच टोपडं घालून, ओळीने पडलेली असत. पूर्वी तिथे यंत्रमाग खडखडायचे. आता सगळं चिडीचूप असायचं, तरी संध्याकाळी माणसं उठायची ती डोळे ओढलेली आणि खांदे पडलेली.

आता कोणी विचारील की खेळातला दोर म्हणजे नुसते आकडे, संगणक असे लाख दोर चुटकीसरशी काढून देईल, मग मृणालच्या दोराला पैसे कशाचे? तर असल्या फुकटच्या वस्तूंनी आधीच्या खेळांचे बाजार पार बुडाले होते. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं, की त्या जगात एकाच गोष्टीची नक्कल होत नाही: माणसाच्या खऱ्या थकव्याची. हाती घेतलेलं काम मेंदूला किती जड जातंय, ते टोपडं मोजतं. तो आकडा, म्हणजे श्रमांक, वस्तूवर कायमचा उमटतो. श्रमांक मोठा, तर भाव मोठा. दुसऱ्याच्या दमणुकीला लोंबकळून तट चढण्यात काय सुख आहे, ते त्या वीरांनाच ठाऊक.

अडचण एवढीच, की माणूस शिकतो. मृणालचा हात बसला. बोटं आपली आपण पेड वळू लागली आणि ती मनात भलतेच विचार करत बसू लागली. दोर पूर्वीपेक्षा सुबक होऊ लागले, आणि त्यांना कोणी विचारेना.

डॉक्टर हेरवाडकर हे त्या शेडचे मेंदूतज्ज्ञ. त्यांनी तिला खोलीत बोलावलं. त्यांचाही चेहरा उतरलेलाच होता.

"मृणालताई, तुमचे दोर सुरेख होतायत. तेच वाईट झालंय."

"मुद्दाम बिघडवू का?"

"बिघडवून श्रम वाढत नाहीत. नवं काम आपण विचार करून करतो, ते मेंदूच्या पुढच्या भागाला ओढावं लागतं. सवय झाली की तेच काम खोल आत सरकतं आणि तिथून आपोआप चालतं. सायकल चालवताना पायांचा विचार करता का तुम्ही?"

"मग दुसरं काम द्या की. भाकऱ्या थापते."

"भाकऱ्या तुम्ही लहानपणापासून थापताय. त्यांना काय भाव येणार?" डॉक्टर कसनुसं हसले. "पुसणी करता येईल. आत सरकलेली ती सवय चुंबकाच्या हलक्या झटक्यांनी सैल करायची. दोर कसा वळतात हे तुम्हाला आठवेल, हाताला आठवणार नाही. पुन्हा पहिल्या दिवसासारखं जड जाईल."

"आणि नको म्हटलं तर?"

"तर खुर्ची दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

नवरा गेल्यापासून घरात ती आणि नऊ वर्षांची जुई, दोघीच. गावात दुसरं काम उरलं नव्हतं. तिने जरा वेळ आपल्या हातांकडे पाहिलं.

"दुसरं काय जाणार न्हाई न्हवं यात?"

"सगळं तपासलंय. लिहिणं, शिवणं, बटणं लावणं, सायकल. कशालाही धक्का नाही."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. तपासणारी सगळी मंडळी बारीक केस कापलेली, आणि खुद्द डॉक्टरांच्या डोक्यावर तर कंगव्याला कामच नव्हतं. त्यामुळे एक गोष्ट तपासायची राहून गेली.

पुसणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुई नेहमीसारखी कंगवा आणि रिबीन घेऊन पुढ्यात बसली. दिवसभरात मायलेकींच्या वाट्याला निवांत असा तेवढाच वेळ यायचा. मृणालने केस विंचरले, तीन पेड केले आणि ती थांबली. कुठला कुठून घ्यायचा, ते डोक्यात स्वच्छ होतं; बोटं मात्र परक्या बाईची असावीत तशी नुसती लोंबत होती. तिने दात आवळून एकेक पेड ओढला. गुंता झाला, सोडवला, पुन्हा झाला. तिला घाम फुटला.

"आई, बस येईल गं! काय करतीयास?"

शेवटी जुई केस मोकळेच सोडून गेली. मृणाल कंगवा हातात धरून रडली.

"ताग आणि केस हाताला वेगळे कळत नाहीत," शेडवर तिचं सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाही. पण घाबरू नका, वेणी पुन्हा शिकता येईल. सराव केलात की आठवडाभरात जमेल."

तिला हायसं वाटलं. पण दारापर्यंत जाऊन ती परत फिरली.

"डॉक्टर, वेणी आली, की दोर बी येणार?"

त्यांनी चष्मा काढला. "येणार."

"मग परत पुसायचं?"

ते चष्मा पुसत बसले. ती खुर्चीत जाऊन पडली आणि तिने टोपडं ओढून घेतलं. त्या दिवशी तिच्या दोरांवर वीरांच्या उड्या पडल्या.

पुढे कितीतरी सकाळी जुईचे केस मोकळेच राहिले. ते कापून टाकूया, असं म्हणायला मृणालची जीभ रेटेना. मग एका रविवारी जुई आरशापासून उड्या मारत आली. तिची वेणी वाकडी होती, पण घट्ट होती.

"बघ, माझी मी घातली! आता तू बस. तुझी बी घालते."

मृणाल भिंतीला टेकून बसली. अंग इतकं शिणलेलं होतं, की लेकीचा हात केसांतून फिरताच तिचे डोळे मिटले. मागून जुई पुटपुटत होती, "हा वरनं, हा मधी, आता हा वरनं..." ते ऐकताना किती बरं वाटत होतं! आणि मग तिला जाणवलं, की मांडीवरची तिची बोटं जुईच्या बोलण्याबरोबर हळूच हलू लागलीयत. वरून, मध्ये, वरून.

तिने डोळे उघडले. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बोटं हलायची थांबेपर्यंत त्यांच्यावर सगळा भार टाकून ती बसून राहिली.

"हलू नको गं आई," जुई म्हणाली, "मला यायला लागलंय."