भंगारातलं क्रूझ

हसू नका रे. हे आपल्या ओळखीतल्या फिटरच्या बाबतीत घडलंय आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. उलट नको इतका स्वच्छ माणूस. साबणानं हात धुतल्याशिवाय पाण्याचा ग्लास उचलायचा नाही.

त्याची लेक बाहेरगावी हॉस्टेलवर. दर शनिवारी तिला मोटरसायकलवरून घरी आणायचा. लांबचा पल्ला, ॲक्सिलरेटरची मूठ पिळून पिळून मनगट भरून यायचं. म्हणून त्याच्या डोक्यात आलं, गाडीला क्रूझ कंट्रोल बसवू. बटण दाबलं की वेग तोच राहतो, ब्रेक दाबला की सुटतो. अरे, दुखतंय मनगट तर दुखू दे ना. पण नाही.

नवा संच मिळेना, तर हा गेला भंगारवाल्याकडे. अपघातातल्या गाडीचं क्रूझ होतं. बटणांच्या फटींत तपकिरी, चिकट काहीतरी सुकलेलं.

"हे काय?"

"ग्रीस हो."

ज्याची हयात ग्रीसमध्ये गेली त्याला सांगतोय. नाकाशी नेलं तर कुजका वास. शी... तरी घेतलंच पठ्ठ्यानं. पेट्रोलनं घासलं, साबणानं घासलं, बसवलं. वास काही गेला नाही.

शनिवारी रात्री साडेनऊला लेक मागे बसली. बायपास मोकळा होता. त्यानं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, मूठ सोडली. आता, सोडली की मूठ आपसूक मागे फिरते, वेग यंत्र सांभाळतं. ही फिरली नाही. पिळलेलीच राहिली. मग अजून थोडी पिळली गेली...

"बाबा, हळू ना," लेक म्हणाली.

पुढे उतार. उताराच्या तळाशी बंद पडलेला ट्रक, ना दिवा ना काही. यानं पायाचा ब्रेक दाबला. हिरवा दिवा विझला. मूठ तशीच. क्लच ओढला. इंजिन नुसतं किंचाळलं, गाडी उतारावर सुटलेलीच. मागचा ब्रेक एकटा पुरेना, पुढचा हवा होता. तो उजव्या मुठीपाशी. त्यानं हात नेला.

तिथं हात होता.

गार. ओला. उकडून फुटलेल्या बटाट्यासारखा. कातडं हाडावरून सरकत होतं... त्यानं हात मागे घेतला.

ट्रक जवळ आला. लेकीनं त्याच्या पाठीत तोंड खुपसलं होतं.

त्यानं दात आवळले आणि बोटं त्या हातात रुतवली. खोल. पचकन आवाज झाला. त्याच्या पलीकडे ब्रेकची दांडी लागली. त्यानं जीव खाऊन ओढली.

गाडी थांबली. ट्रकचं मागचं फळकूट हातभर अंतरावर. लेक उतरली आणि रडत बापाच्या गळ्यात पडली. तो हँडलकडे बघत राहिला. तिथं काही नव्हतं.

क्रूझ त्यानं उपटून जाळलं. लेक सुखरूप आहे, नोकरीला लागली. पण त्या रात्रीपासून त्यानं तिला उजव्या हातानं शिवलेलं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा तर डावा. तिला वाटतं, बाबा रागावलेत.

तो काही सांगत नाही तिला. रोज रात्री नखं मुळापर्यंत कापतो, ब्रशनं घासतो, मग झोपतो. सकाळी उजव्या हाताच्या नखांखाली पांढुरकं काहीतरी भरलेलं असतं...

ओलं.