राखीव आठ जीबी

ही गोष्ट खरी आहे. पटवून देण्याचा आग्रह नाही. मी त्या खोलीत होतो, एवढंच सांगतो.

मागच्या वर्षीचा आडी, म्हणजे तमिळ आषाढ महिना. शुक्रवार. दुपारचे तीन. कुंभकोणम्, सारंगपाणी देवळामागची गल्ली.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मी गिरिधर. महामहम तळ्याजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही तंजावरी मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचं बोलणं तुम्हाला जुनाट वाटेल, म्हणून जमेल तेवढं तुमच्यासारखं लिहितोय.

माझ्या दोन आत्या एकाच घरात राहायच्या. सुब्बाआत्या थोरली, मीनाआत्या धाकटी. दोघी झोपाळ्यावर बसून ओव्या म्हणायच्या. एकीने अर्धी ओवी टाकायची, दुसरीने उचलायची. मीनाआत्याला ओवीच्या शेवटी कोरडी ढास लागायची. आमच्यात टाकलेली ओवी तशीच सोडत नाहीत. उचलायला कुणी नसलं तर टाकणारीच ती पुरी करते, मगच उठते.

मीनाआत्याची मुलगी शिवरंजनी. तिने या ओव्या रेकॉर्ड करायला घेतल्या. आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोघींचं वेगवेगळं करायचं ठरवलं. एका संध्याकाळी सुब्बाआत्याच्या एकवीस अर्ध्या ओव्या झाल्या. प्रत्येकीपुढे उत्तरापुरती जागा मोकळी. मीनाआत्याची उत्तरं सकाळी घ्यायची होती.

सकाळी मीनाआत्या उठलीच नाही.

एकवीस ओव्या टाकलेल्याच राहिल्या…

त्यानंतर अकरा महिने सुब्बाआत्या गायली नाही. तिने अंथरूण धरलं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले होते. ती एकच विचारायची.

"मीनाने उचललं का गे?"

शिवरंजनीने मनाशी ठरवलं, जुन्या कॅसेटींमधून आईचा आवाज वेचायचा आणि त्या मोकळ्या जागांत बसवायचा. मावशी जायच्या आत. काम जड होतं, कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. म्हणून तिने आठ जीबीची आणखी एक रॅम आणून बसवली. आठ आणि आठ, सोळा.

कॉम्प्युटर मात्र आठच वापरत होता. स्क्रीनवर यायचं… बसवलेली सोळा, राखीव आठ.

"कुणासाठी राखीव, अण्णा?" तिने फोनवर विचारलं.

मी हसलो होतो.

त्या शुक्रवारी मी सुब्बाआत्याच्या खाटेशेजारीच कॅबिनेट उघडलं. दोन्ही रॅम काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, परत बसवल्या.

राखीव आठ.

स्लॉट बदलले. राखीव आठ. एकेक रॅम लावून पाहिली, दोन्ही धडधाकट. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसमध्ये सोळा दिसत होती. विंडोजमध्ये मेमरीला मर्यादा घालणारी एक टिक असते, तीही नव्हती. शेवटी प्रोसेसर काढून त्याखालच्या पिना भिंगातून पाहिल्या. एकही वाकलेली नव्हती.

सगळं जोडून चालू केलं.

राखीव आठ.

"अजून होत नाही का रे गिरी?" सुब्बाआत्या उशीवरूनच म्हणाली.

"अर्धी मेमरी देतच नाही, आत्या."

"आमचे हेही तसेच होते. अर्धं बोलायचे, अर्धं पोटात ठेवायचे."

शिवरंजनी कापी, म्हणजे आमची कॉफी, घेऊन आली. "मावशी, त्याला काम करू दे."

"करू दे की. मी काय त्याचे हात धरलेत?"

आम्ही तिघंही हसलो. त्या घरातलं ते शेवटचं हसणं.

आठवर कुठवर जातं ते पाहू, म्हणून मी तिचं रेकॉर्डिंग उघडलं. स्क्रीनवर दोन पट्टे. वर सुब्बाआत्याच्या आवाजाच्या लाटा. खाली मीनाआत्याचा पट्टा, रिकामा. सरळ रेघ.

स्पीकरची वायर मी आधीच काढली होती. ती माझ्या मांडीवर होती.

आडीतला शुक्रवार देवीचा, त्यामुळे गल्लीतल्या अम्मनच्या देवळात सकाळपासून कर्णा वाजत होता.

तो थांबला…

पंखाही थांबला. कॉम्प्युटर तेवढा चालू राहिला.

आणि अकरा महिन्यांनी सुब्बाआत्या खाटेवरूनच गायली.

"कावेरीच्या वाळूत
ओली पावलं कुणाची…"

मग मोकळी जागा. चार श्वासांची.

आत्याने डोळे मिटले. शिवरंजनी दारात उभी. मी वायर घट्ट धरून बसलेला.

आणि उघड्या कॅबिनेटमधून…

"माहेरा निघाली
बहीण माझ्या मनाची."

बारीक आवाज. शेवटी तीच कोरडी ढास. मीनाआत्याचीच.

शिवरंजनीच्या हातातला कापीचा पितळी डबरा, पसरट पेला, खाली पडला. तो घरंगळत गेलेला मला दिसला. आवाज ऐकू आला नाही.

खालचा पट्टा सरळ रेघच होता.

एकवीसच्या एकवीस झाल्या. एक टाकायची, एक उचलायची. मी हललो नाही. हलता आलं नाही.

शेवटची संपली आणि कर्णा एकदम सुरू झाला. मी स्क्रीनकडे पाहिलं.

वापरात सोळा. राखीव शून्य.

"उचललं," आत्या म्हणाली. "अस्की उचललं." अस्की म्हणजे आमच्याकडे सगळं.

रविवारी पहाटे ती गेली. चेहरा अगदी शांत होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

तेरावा झाला. त्यानंतर चौथ्या दिवशी शिवरंजनीचा फोन आला.

"अण्णा, परत राखीव आठ दाखवतंय."

मी गेलो. रेकॉर्डिंग उघडलं. दोन पट्ट्यांखाली तिसरा पट्टा आला होता. आम्ही दोघांनीही तो केलेला नव्हता. वाजवला. सुब्बाआत्याचा आवाज, पण ती ओवी आम्ही कधीच ऐकली नव्हती.

"दारीच्या कोलमात
कोण उभी ती एकली…"

कोलम म्हणजे दारातली रांगोळी. पुढे मोकळी जागा. चार श्वासांची…

ती जागा संपेना.

मी पट्टा पुसला. दुसऱ्या दिवशी तो होता. रॅम काढून नेली, कॉम्प्युटर बंद करून वर चादर टाकायला लावली. शिवरंजनीला बजावलं, ऐकू आलं तरी उचलू नकोस; ओव्या पुऱ्या झाल्या की काय होतं ते पाहिलंयस.

ती आता त्या घरात एकटीच असते.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. मागे झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या.

ती म्हणाली, "अण्णा, उत्तराची पहिली ओळ झाली. 'एकली'ला पुढे काय जुळतं रे?"

मी फोन ठेवला.

मला ते सुचलेलं आहे. त्याच दिवशी सुचलं होतं. हे लिहितानाही जिभेवर आहे…